सुमनकाकूंचं लिनक्स

सुमनकाकूंच्या घरातून रिकामी वस्तू बाहेर पडत नाही. गॅसची रिकामी टाकीसुद्धा.

खोटं नाही सांगत. टेम्पोवाला भरलेली टाकी आत ठेवतो, रिकामी उचलायला वाकतो, तर तिच्या कड्याला पिशवी बांधलेली असते. आत घेवड्याच्या शेंगा, नाहीतर चार वांगी. पहिल्या वेळी त्याला वाटलं, बाई भाजी काढून ठेवायला विसरल्या. त्यानं पिशवी सोडून ओट्यावर ठेवली. काकूंनी ती पुन्हा बांधली. "रिकामं जायाचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. आता तो मार्गासनीत शिरला की आधी काकूंकडं येतो. त्याच्या घरी भाजी विकत आणत नाहीत, असं माझ्या कानावर आहे.

एकदा काकूंना एक्स-रे दाखवायला वेल्ह्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी तो पाकिटातून काढून उजेडात धरला, तर काकूंच्या बरगड्यांवर कढीपत्त्याची अख्खी डहाळी. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो काकू, पाकिटात एक्स-रे होता की! रिकामं कुठं होतं?" तर म्हणाल्या, "त्यो फोटू त्यांचाच. त्यात आपलं काय गेलं?"

माझं हेल्मेट त्यांच्याकडं राहिलं होतं, त्यात त्यांनी गावरान अंडी ठेवून दिली होती. मी घाईत होतो. पुढचं सांगत नाही.

माझा स्वभाव जरा तापट आहे, हे सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला नवल नको. मी सुनील. कापूरहोळच्या फाट्यावर माझं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर लोक पाण्यात पडलेले मोबाईल आणून देतात आणि "पाण्यात नाही पडला हां" म्हणतात. त्यानं माणूस तापट होणार नाही तर काय होईल? सुमनकाकू माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या पत्नी. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी भोरला दिली आहे. काकू आमच्या भिंतीला भिंत लावून एकट्या राहतात. जन्मभर अंगणवाडी चालवली त्यांनी. मला पहिला 'अ' त्यांनीच काढायला शिकवला, तोही पेन्सिल धरलेला माझा हात स्वतःच्या हातात धरून. आज दुकानाच्या बोर्डावर माझं नाव आहे ते त्या हातामुळं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर काकू घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी वस्तीवरच्या विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढला. आधी वंदना, पंचशील, मग पाढे आणि गणितं. हळूहळू सगळ्या गावातली पोरं यायला लागली. गावात लहानथोर त्यांना 'बाई' म्हणतात. बाईंनी बोलावलं की पोरं टीव्ही सोडून येतात. माझी दोन्ही पोरं माझ्या हाकेला पाणीही आणून देत नाहीत, ती बाईंच्या वर्गात चटई झाडतात.

तर या वर्गाला पुण्यातल्या आमच्या एका जावयांनी आपला जुना लॅपटॉप दिला. चांगला होता, पण म्हातारा. त्याची आतली सिस्टीम बिघडलेली होती. मी दुकानात नेला, सगळे टाकतात तशी ती नेहमीची सिस्टीम टाकली आणि संध्याकाळी आणून दिला. चालू केला, तर कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी आलं.

"काय म्हनतंय ते?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. ही कॉपी खरी नाही म्हणतंय. लक्ष द्यायचं नाही."

"खरी न्हाई म्हंजी?"

"म्हणजे पैसे भरले नाहीत. कोण भरतं, काकू? अख्ख्या तालुक्यात असंच चालतं."

काकूंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मी आजही दुसरीतला होतो.

"सुन्या, दिल्यालं का घेतल्यालं?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कुणाच्या हातात शेजारच्या झाडाचा आंबा दिसला, की "दिल्यालं का घेतल्यालं?" मी म्हटलं, घेतलेलं. मग जे सुरू झालं! "आत्ता हितं पोरांनी हात जोडून म्हणलं, न दिल्यालं घेनार न्हाई. दुसरं शील हाय ते. आन लगीच म्या त्यांना चोरीच्या मालावर पाढं शिकवू व्हय? न्हे ते. काढ."

मी पण तापलो. म्हटलं, खरी घ्यायची तर तुमच्या लॅपटॉपपेक्षा महाग पडेल, मग बसा पाट्या घेऊन. त्या म्हणाल्या, पाट्यांवर शिकून तू वाया गेलास का? आणि लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवून दिला. पोरं हिरमुसली. घरी आलो तर माझीच पोरं माझ्याशी बोलेनात, जशी काही चोरी मी एकट्यानंच केली.

दुकानात एक गिऱ्हाईक कधीतरी बोललं होतं, की लिनक्स म्हणून एक सिस्टीम असते, फुकट, आणि जुन्या मशिनवर पळते. मी तेव्हा कानाआड केलं होतं. फुकट म्हटलं की आमच्या धंद्यात शंका येते. पण आता घरातली शांतता परत आणायची होती. मोबाईलवर वाचत वाचत ती पेन ड्राइव्हवर उतरवली आणि रविवारी दुपारी काकूंच्या ओट्यावर बसलो. दुकानात नाही बसलो, कारण मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि गिऱ्हाइकांसमोर शोभा नको होती.

पहिल्या वेळी पडदा काळा. दुसऱ्या वेळी पण काळा. मी लॅपटॉपला जे बोललो ते काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "विहारात असं बोलू नगंस म्हंजी झालं." तिसऱ्या वेळी चित्र आलं, आणि त्याखाली विचारणा आली: आधी नुसतं वापरून बघायचंय, की कायमचं बसवायचंय? मी काकूंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा खुलला.

"आधी वापरून बगा म्हनतोय? हा तर द्राक्षवाल्यावानी झाला. आधी खा, मग घ्या. मानूस चांगला दिसतो."

"माणूस नाही काकू, सिस्टीम आहे."

"कुनीतरी लिवलंच असंल की ते विचारायचं."

मग बसवली. बसवताना मी की-बोर्ड भलत्याच देशाचा निवडला आणि स्वतः ठेवलेला पासवर्ड स्वतःलाच लागेना. सगळं पुन्हा पहिल्यापासून. वाय-फाय मिळेना, तर मोबाईल वायरनं जोडून नेट दिलं. काकू मधूनमधून आल्याचा चहा आणून ठेवत होत्या आणि मी मधूनमधून "राहू द्या, भंगारात घालतो" म्हणत होतो. दिवस कलायला आला आणि अचानक सगळं जागेवर बसलं. म्हातारा लॅपटॉप असा पळायला लागला की मी दोनदा उघडून बघितला, आत हाच आहे ना. त्यात लहान पोरांसाठी खेळही मिळाले, अंक मोजायचे, अक्षरं ओळखायची. सगळे फुकट. आणि कोपऱ्यात कसलीही तक्रार नाही.

"आता हे दिल्यालं का घेतल्यालं?" काकूंनी विचारलं.

"दिलेलं," मी ऐटीत सांगितलं. "राजरोस दिलेलं. वापरा, वाटा, बदला, असं लिहूनच ठेवलंय."

"कुनी दिलं?"

इथं मी अडकलो. म्हटलं, एक माणूस नाही. जगभर लोक आहेत. कुणी कामावरून घरी आल्यावर थोडं लिहितो, कुणी चूक सापडली की दुरुस्त करतो. आपल्याला ते ओळखत नाहीत, आपण त्यांना ओळखत नाही.

काकू पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "किती चांगली लोकं. आन आपल्याला ठावंच न्हाई." आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. मी हसलो नाही. इतक्या मनापासून जोडले होते त्यांनी हात.

पण दुसऱ्याच मिनिटाला: "पत्ता दे त्यांचा."

"कशाला?"

"आपल्या शेतातला इंद्रायणी तांदूळ पाठवते पाच-पाच किलो. असं कसं नुसतं घ्यायचं? रिकामं जायाचं न्हाई."

त्यांना समजावता समजावता मला घाम फुटला. पत्ता नाही काकू, हजारो माणसं आहेत, त्यांना काही नको असतं. "काय नको म्हनतो त्यो एक तर लई मोठा, न्हाईतर आपल्याला लहान समजनारा," काकू म्हणाल्या. "नुसतं घेऊन बसायला आमी काय लाचार हाय? सुन्या, ह्या महिन्यात त्यांच्यासाठनं काय करता आलं तर बग. न्हाईतर हे बी काढ, आन लॅपटॉप जावयबापूंना दिऊन टाक."

काकूंचा शब्द म्हणजे शब्द. इकडं वर्गात पोरं अंकांच्या खेळाला अशी चिकटली होती, की पंचविसाच्या पुढं न जाणारी शंभराच्या पार पोचली होती. आणि मला हा लॅपटॉप काढून न्यायचा होता, का, तर तो फुकट मिळाला म्हणून! मी बायकोला म्हटलं, जगात अशी बाई दुसरी असेल तर दाखव.

वाट काकूंनीच काढली, रागाच्या भरात. एका पोरानं खेळात चुकीचं उत्तर दिलं. पडद्यावर आलं: 'आपले उत्तर अवैध आहे. कृपया पुनर्प्रयत्न करावा.' पोरगं घाबरून बाईंकडं बघायला लागलं. काकू कडाडल्या, "हे पोराशी बोलतंय का तलाठ्याशी? इवलासा जीव, त्याला अवैध म्हंत्यात? ह्यांच्या घरात लेकरं न्हाईत का?"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शोधलं. त्या खेळाची मराठीसुद्धा असंच कुणीतरी फावल्या वेळात केली होती, अर्धी राहिली होती, आणि ज्याला जमेल त्यानं हातभार लावा, असं तिथं आवाहन होतं. मी काकूंना सांगितलं, "तांदूळ नको म्हणतात. वाक्यं द्या म्हणतात. लेकरांशी बोलायची."

काकूंनी चष्मा पुसला. "हे मला जमंल," म्हणाल्या, आणि जरा थांबून, "घेतील का पर ते?"

"न घ्यायला काय झालं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉप जवळ ओढला.

मग काय विचारता! दुपारची जेवणं झाली की भिंतीपलीकडून आवाज यायचे. "चुकलं व्हय? चुकू दे. परत बगू." "शाब्बास गं माझी बाय ती!" "आता हळूच मोज, घाई न्हाई." आधी तोंडानं म्हणून बघायच्या, कानाला गोड लागलं की एका बोटानं टाइप करायच्या. माझी बायको म्हणाली, काकूंच्या घरात किती दिवसांनी कुणाशी बोलल्याचा आवाज येतोय. मी इंग्रजी वाक्यांचा अर्थ लावून द्यायचो, तेवढीच माझी अक्कल. त्यांनी सगळं पुरं केलं आणि मी बटण दाबलं. वाक्यं गेली.

दोन-तीन दिवसांत उत्तर आलं. परत पाठवलंय. बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

"बरं," काकू म्हणाल्या. लॅपटॉप मिटला आणि विहाराकडं गेल्या.

मला वाटलं, चला, काही मोठं झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी गॅसचा टेम्पोवाला माझ्या दुकानापुढं थांबला. खाली उतरून म्हणाला, "सुनीलभाऊ, काकू आजारी हायत का?"

"नाही. का?"

"टाकीला पिशवी न्हाई आज."

मी दुकान तसंच शेजारच्या पंक्चरवाल्यावर सोडलं आणि गाडी काढली. काकू ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? कुणाला तरी पटलं नसेल. मीच त्यांना शिव्या घालून लिहितो.

"त्यांना कायबी बोलायचं न्हाई," काकू म्हणाल्या. "ती चांगली लोकं हायत." मग सूप खाली ठेवलं आणि समोरच्या घराकडं बघत बोलल्या. असं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"नवी नवरी व्हते मी. त्या घरची म्हस व्याली, तर वाटीभर खरवस आला. पितळी वाटी. सासूबाई म्हनल्या, रिकामी दिऊ नगं. म्या तिळाचं लाडू क्येलं, वाटी घासून फुसून लख्ख क्येली, भरून न्हेली. ती मालकीन हासली, 'बरं क्येलंस' म्हनली, आन आत ग्येली. म्या वळले, तर गोठ्याच्या फटीतनं दिसलं. माझं लाडू तिनं म्हशीच्या पुढ्यात वतलं."

काकूंनी सूप परत उचललं. म्हणाल्या, "म्हशीनं खाल्लं की पर. तिला लई आवडलं." आणि हसल्या. मी पण हसलो.

"तरी तुम्ही भरून देत राहिलात, काकू?"

"माजी वाटी कशी रिकामी जाईल? त्यांनी पुढं काय करायचं ते त्यांच्यापाशी. आता दिस बदललं. त्याच घरची सून माझी जवसाची चटनी मागून न्हेती, लई गुनाची हाय. पर तवापासनं एक झालंय बग. कुनाला काय दिलं, की रातभर जीव टांगनीला लागतो. घेतील का."

इतकी वर्षं मला वाटायचं, ही बाईंची एक गंमत आहे. टाकी, पाकीट, हेल्मेट. आम्ही सगळे हसत होतो. त्या प्रत्येक पिशवीमागं काकू दार लावून घेऊन वाट बघत होत्या, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी लॅपटॉप उघडला. आता मला कळायचं होतं, की त्या लोकांना झालं तरी काय. तर तिथं नवा निरोप आला होता. आलेली वाक्यं तिकडं ज्या तपासतात, त्या बाईंनीच लिहिला होता, सवड मिळाली तेव्हा. मी मोठ्यानं वाचला: "सुमनताई, वाक्यं फार गोड आहेत. फक्त मधली टक्क्याची चिन्हं आणि त्यापुढचं अक्षर कुठं गेलं? ते काढलं तर खेळ चालत नाही. तेवढं परत घालून पाठवाल का? वाट बघते."

"काकू, टक्क्याची चिन्हं कुठं गेली?"

"ती व्हय? ती म्या निवडून टाकली," काकू म्हणाल्या. "चांगल्या वाक्यात खड्यावानी मधीमधी आली व्हती. म्हनलं पोरांच्या दाताखाली नको यायला."

मी कपाळावर हात मारला. मग पुढची ओळ वाचली. "तिथं खेळणाऱ्या मुलाचं नाव येतं."

काकूंचा हात तोंडावर गेला. "आगं बया! म्हंजी 'शाब्बास' म्हनलं की त्याफुडं पोराचं नाव?"

"हो."

"आन म्या लेकरांची नावंच निवडून टाकली!"

त्या दुपारी आम्ही दोघं बसलो. मी वाक्य वाचायचो, काकू सांगायच्या, इथं नाव घाल. नाही, आधी घाल. रागावताना नाव शेवटी घ्यायचं, कौतुकाला आधी. कुठल्या पोराला कसं बोलावं ते मनात धरून त्या प्रत्येक नाव जागेवर बसवत होत्या. मला मधेच कंटाळा आला, मी म्हटलं कुठंही घाला, काय फरक पडतो. त्यांनी नुसता चष्मा काढला. मी पुन्हा वाचायला लागलो.

पाठवून दिलं. त्यानंतर काकू मला रोज विचारत नव्हत्या. मी दुकानातून आलो की फक्त ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या, हातात काहीतरी काम घेऊन. मी मान हलवायचो. त्या आत जायच्या. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मी मोबाईलवर तेच बघत बसायचो. एवढी वाट मी दहावीच्या निकालाची पाहिली नव्हती. इंटरनेटवरच्या त्या अनोळखी बाईला मी मनातल्या मनात विनवत होतो, की ताई, घ्या. पाया पडतो, घ्या.

शनिवारी उत्तर आलं. मी शटर ओढलं आणि घरी आलो. काकू परसात घेवडा तोडत होत्या. मला त्या वेळी बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"घेतलं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं, काकू."

"समदं?"

"समदं. 'लई' तेवढं 'खूप' केलं तर चालेल का, असं विचारलंय. बाकी तुमचा शब्द न् शब्द ठेवलाय. आणि म्हणतात, दुसऱ्या एका खेळाची मराठी राहिलीय. सुमनताई आणखी देतील का?"

काकूंनी ओटीतल्या शेंगा तशाच हातात गच्च धरल्या.

"आनखी मागितलं?"

"हो."

"म्या न इचारता? त्यांनी हून मागितलं?"

"त्यांनी होऊन."

काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि तिथंच जोत्यावर बसल्या. मी शेजारी बसलो. त्या रडत होत्या. मी त्यांचा हात धरला. मला पेन्सिल धरायला शिकवणारा हात, आता पार खरखरीत झालाय. मी म्हटलं, "काकू, तुमचे लई उपकार आहेत." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

"गप," त्या म्हणाल्या. नाक पुसलं, शेंगा माझ्या मांडीवर ओतल्या आणि उठून लॅपटॉप घेऊन आल्या.

"आनखी मागितलंय नव्हं त्यांनी? मग बसलास काय? वाच पुढचं."